फाईल एक्सप्लोरर मध्येच हँग होतो? आधी सेकंद मोजा

चवथीला नऊ दिवस उरले होते. डिचोलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. श्रावण लागला की आरत्यांच्या पुस्तिका, गणेशोत्सव मंडळांची निमंत्रणं, भजनाची पत्रकं असं सगळं एकदम अंगावर येतं. एका मंडळाचे गृहस्थ काउंटरवर उभे होते. काम एवढंच, की पत्रकातल्या एका नावाची वेलांटी चुकली होती. मी ती बदलली, सेव्ह करायला गेलो आणि खिडकी पांढुरकी पडली. वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. “जालें, बाब?” पलीकडून विचारणा. वीसेक सेकंदांनी खिडकी परत ताळ्यावर, जणू काही घडलंच नाही.

हे दिवसातून आठ-दहा वेळा होत होतं. चीड येण्याचं कारण म्हणजे मशीन मुळीच मंद नव्हतं. चाळीस पानांच्या पुस्तिकेची पीडीएफ झटक्यात निघायची. अडायचं ते फोल्डर उघडताना, सेव्हच्या खिडकीत, नाहीतर राइट क्लिक केल्यावर. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर सीपीयू ६ टक्के, मेमरी निम्मी रिकामी. तरीही मी ८ जीबीची रॅम १६ करून घेतली. पैसे गेले, हँग तसाच राहिला. भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, फॉरमॅट मार, दोन तासांचं काम.” चवथीच्या तोंडावर फॉरमॅट मारायला मी काही वेडा नव्हतो. पण फॉरमॅट का मारू नये याचं खरं कारण मला नंतर कळलं. ते पुढे येईल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण माझा स्वतःचा तोच होता. विंडोजमध्ये फोल्डर आणि फाईली दाखवतो तो प्रोग्रॅम म्हणजे फाईल एक्सप्लोरर. तो असा क्षणभर थिजतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला काम जड झालेलं नसतं. तो कोणाची तरी वाट बघत असतो. जत्रेतल्या नाटकाला उशीर होतो तो नट कमी पडले म्हणून नव्हे. पेटीवाला अजून दुसऱ्या गावातून यायचा असतो. तो येईपर्यंत नांदी नाही आणि नांदीशिवाय नाटक नाही. प्रेक्षक मात्र मंडळींच्या नावाने बोटं मोडतात. एक्सप्लोररचंही तेच. खिडकी उघडली की तो सगळ्या ड्राइव्हना हाक मारतो, क्विक ॲक्सेसमधल्या (डावीकडच्या नेहमीच्या फोल्डरांच्या यादीतल्या) फोल्डरांची चौकशी करतो, नेटवर्कवरच्या जागा तपासतो, फाईलींची चित्रं बनवतो, बाहेरच्या सॉफ्टवेअरनी त्याच्यात घुसवलेले तुकडे चालवतो. यांतल्या एकाने उत्तर दिलं नाही की बाकीचे तयार असूनही खोळंबा. म्हणूनच सीपीयू रिकामा दिसतो. वाट बघायला कुठे ताकद लागते?

आणखी एक गोष्ट. सेव्ह किंवा ओपनची जी खिडकी डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तिच्या पोटात एक्सप्लोररचेच भाग असतात. त्यामुळे दोष एक्सप्लोररच्या बाजूचा असला तरी पांढरं पडतं ते आपलं सॉफ्टवेअर, आणि शिव्याही त्यालाच बसतात. मी ते सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

कागद, पेन आणि मोबाईलचं घड्याळ

खिडकीने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा शिक्का मारते. म्हणजे तीन-चार सेकंदांचा हँग हा शिक्का न लागताच निघून जातो आणि आपण ‘आज जरा स्लो आहे’ म्हणून सोडून देतो. मी चार दिवस एक कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला. काय करत होतो, किती सेकंद अडकलं, लगेच तेच पुन्हा केलं तर पुन्हा अडकलं का, एवढंच लिहायचं. या तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त किंमत आहे, हे नंतर उमगलं.

चार दिवसांत कागद भरला आणि एक रोग समजत होतो ते चार निघाले. काही हँग वीस सेकंदांच्या आसपासचे, बहुतेक सकाळी पहिल्यांदा किंवा सेव्हच्या खिडकीत. काही सात-आठ सेकंदांचे, जेवून आल्यावर हमखास, पण लगेच पुन्हा केलं तर नाही. काही दोन ते चार सेकंदांचे, फोटोंच्या फोल्डरमध्ये आणि राइट क्लिकवर, दर वेळी. आणि थोडे असे की ज्यांना ना वेळ ना काळ. तुमच्या कागदावर आकडे वेगळे येतील, पण असे गट पडतात का ते बघाच. गट पडल्याशिवाय उपायाला हात लावला की एक गोष्ट सुधारते, दुसरी तशीच राहते आणि आपण म्हणतो, ‘उपाय लागू पडला नाही.’

वीस सेकंदांचा हँग: नेटवर्कवरचं भूत

नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरला हाक मारली आणि पलीकडून ‘नाही’ असं उत्तर आलं, तर हँग होत नाही. हँग होतो तो पलीकडे कोणीच नसल्यावर. विंडोज एकदा विचारते, थांबते, पुन्हा विचारते, आणखी थोडं जास्त थांबते. या सगळ्यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. म्हणून हा आकडा दिसला की मी पहिला संशय नेटवर्कवर घेतो.

खात्री करायची पद्धत फार सोपी आहे. नेटवर्कची केबल काढा, वायफाय असेल तर बंद करा आणि तेच काम पुन्हा करून बघा. आता विंडोजला नेटवर्कच नाही हे ठाऊक असतं, त्यामुळे ती हाक मारत बसत नाही. हँग गायब झाला तर दोषी केबलच्या पलीकडे आहे. माझ्याकडे लगेच गायब झाला.

पलीकडे नेमकं कोण, हे शोधायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर वापरलं. ते फुकट आहे. उघडलं की हजारो ओळी धो-धो धावतात. घाबरू नका. फिल्टर लावून फक्त एक्सप्लोररच्या ओळी ठेवा, ऑप्शन्समधून ‘ड्युरेशन’ हा रकाना जोडा (तो मुळात दिसत नाही) आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्लेल्या ओळी तेवढ्या बघा. माझ्या यादीत ‘बॅड नेटवर्क पाथ’ अशा निकालाच्या ओळी होत्या आणि समोर नाव होतं माझ्याच जुन्या कॉम्प्युटरचं. तो गेल्या वर्षी भंगारात गेला होता! त्याच्यावरचं एक फोल्डर मी कधीकाळी झेड ड्राइव्ह म्हणून जोडलं होतं. कॉम्प्युटर गेला, झेड राहिला, आणि एक्सप्लोरर इमानेइतबारे रोज त्याला हाक मारत होता.

‘धिस पीसी’मध्ये जाऊन झेडवर राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ केलं. हँग निम्मा कमी झाला, पूर्ण गेला नाही. क्विक ॲक्सेसमध्ये त्याच कॉम्प्युटरचं एक फोल्डर पिन केलेलं होतं, ते काढलं. डेस्कटॉपवर त्याचा एक शॉर्टकट होता. शॉर्टकटचं चित्र दाखवायलाही कधीकधी मूळ जागी डोकवावं लागतं, म्हणून तोही काढला. मग फोल्डर ऑप्शन्सच्या जनरल टॅबमध्ये प्रायव्हसीखालचं ‘क्लिअर’ दाबलं. त्याने अलीकडच्या फाईलींची यादी पुसली जाते, फाईली जात नाहीत. तिथेच वर एक्सप्लोरर कुठे उघडायचा ते विचारतात, ते ‘धिस पीसी’ केलं. शेवटी त्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर अजून यादीत होता, त्यालाही निरोप दिला. डीटीपीची बरीच सॉफ्टवेअर फाईल उघडताना प्रिंटरची चौकशी करतात, मग तो प्रिंटर जगात असो वा नसो.

ज्यांचा दुसरा कॉम्प्युटर भंगारात गेलेला नाही पण दिवसभर झोपलेला असतो, त्यांनाही हाच त्रास होतो. तिथे ड्राइव्ह तोडायची गरज नाही. दिवसा त्या कॉम्प्युटरचं स्लीप बंद ठेवा.

जेवणानंतरचा हँग

याचं उत्तर कानांनी दिलं. सात-आठ सेकंद खिडकी थांबलेली असताना टेबलावरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कमधून घुर्रर्र असा आवाज यायचा, आणि तो स्थिर झाला की खिडकी सुटायची. डिस्क झोपली होती, फिरायला लागून पूर्ण वेग घ्यायला तिला वेळ लागत होता. मी सेव्ह करत होतो सी ड्राइव्हवर, मग तिला उठवलं कोणी? सेव्हच्या खिडकीने. डाव्या बाजूला सगळ्या ड्राइव्हची रांग दाखवायची म्हणून ती प्रत्येकाला हाक मारते.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जखाली ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ असतं. बहुतेक डेस्कटॉपवर तिथे २० मिनिटं असतात. शून्य केलं की विंडोज डिस्कला झोपवत नाही. मात्र कित्येक बाहेरच्या डिस्कच्या डबीतच स्वतःचं घड्याळ असतं आणि ते विंडोजचं ऐकत नाही. माझ्या डबीचं तसंच निघालं. मी शोधाशोध थांबवली. बॅकअपची डिस्क दिवसभर फिरवत ठेवण्यापेक्षा संध्याकाळी जोडायची आणि बॅकअप झाला की ‘इजेक्ट’ करून काढून ठेवायची, हे मला जास्त पटलं. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा डोळे मिचकावते ते सांगायला नको. सतत जोडलेली बॅकअप डिस्क हा तसाही शहाणपणा नव्हे.

फोटोंचं फोल्डर आणि राइट क्लिक

लग्नाचे अल्बम मी करतो, त्यामुळे एकेका फोल्डरमध्ये तीन-चार हजार फोटो असतात. विंडोज फोल्डरात काय आहे ते बघून त्याला ‘पिक्चर्स’चा प्रकार देते. त्यात ‘डेट टेकन’सारखे रकाने असतात आणि ती तारीख फाईलच्या आत लिहिलेली असते. म्हणजे यादी तारखेने लावायची तर प्रत्येक फोटो उघडून बघायला हवा. चार हजार वेळा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज टॅब, तिथे ‘पिक्चर्स’ऐवजी ‘जनरल आयटम्स’ निवडलं, आतल्या फोल्डरांनाही लागू करण्याची खूण केली आणि ‘डिटेल्स’ व्ह्यू ठेवला. फरक लगेच दिसला. डाउनलोड्सचं फोल्डर उघडताना ज्यांच्याकडे वर हिरवी पट्टी सावकाश सरकत जाते, त्यांनी हेच तिथे करून बघावं.

तरी अडत असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’वर तात्पुरती खूण करा. हँग गेला तर दोष थंबनेलचा, म्हणजे फाईलीच्या छोट्या चित्राचा. मग कार्डावरून अर्धवट कॉपी झालेला एखादा व्हिडिओ त्या फोल्डरमध्ये आहे का ते शोधा. त्याचं चित्र काढण्याच्या नादात एक्सप्लोरर त्या फाईलशीच झटत बसतो. थंबनेलचा जुना साठा डिस्क क्लीनअपमधून पुसता येतो. तो विंडोज नव्याने बनवते, म्हणून पुसल्यावर पहिल्या खेपेला उलट थोडा जास्त वेळ लागेल.

राइट क्लिकचा हँग वेगळा. झिप करणारं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, क्लाउडवर फाईली चढवणारी ॲप्स, सगळ्यांना त्या मेनूत आपली एक ओळ हवी असते. त्यासाठी ती आपला तुकडा एक्सप्लोररच्या आत बसवतात आणि मेनू उघडण्याआधी प्रत्येक तुकड्याला विचारलं जातं. फाईलच्या चित्रावर जी हिरवी बरोबरची खूण किंवा निळा बाण दिसतो, तोही अशाच तुकड्यांचा. गंमत म्हणजे अशा खुणांसाठी विंडोजमध्ये फक्त १५ जागा आहेत आणि त्या नावांच्या अक्षरक्रमाने भरतात. म्हणून काही कंपन्या आपल्या नावाआधी रिकाम्या जागा घालतात, एकाने दोन घातल्या की दुसरा तीन. रेशनच्या रांगेत पुढे घुसणारी माणसं इथेही आहेत म्हणायची.

निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे छोटं फुकट साधन या सगळ्या तुकड्यांची यादी दाखवतं. मायक्रोसॉफ्टचे नसलेले गुलाबी पट्टीत येतात. फक्त त्यांनाच हात लावा. निम्मे बंद करा, टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर ‘रीस्टार्ट’ करा आणि राइट क्लिक करून बघा. हँग गेला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. माझ्याकडे सोळा होते, चौथ्या फेरीला माणूस सापडला. एक क्लाउडचं ॲप मी केव्हाच काढून टाकलं होतं, पण त्याचा तुकडा मागे राहिला होता आणि दर क्लिकला तो नसलेल्या मालकाला शोधत होता. विंडोज ११ वापरणाऱ्यांनी ही परीक्षा ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबून जुन्या मेनूवरही करावी.

लोक ‘क्लीन बूट करून बघा’ असा सल्ला देतात. क्लीन बूटमध्ये बाहेरच्या सर्व्हिसेस आणि सुरुवातीला चालू होणारी ॲप्स बंद होतात. हे तुकडे एक्सप्लोरर स्वतः चालवत असल्यामुळे ते तसेच राहतात. त्या परीक्षेत हँग टिकला म्हणून विंडोजच बिघडली असं समजू नका.

ज्याला वेळ ना काळ

तीन गट सुटले आणि दिवसातून दोन-तीन हँग उरले. तीन सेकंद, कधी अकरा, कधी तीस. तेच पुन्हा केलं तर काही नाही. खरं तर शोधाला मी इथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण अनियमित हँग हा डिस्क बिघडत असल्याचा इशारा असू शकतो, आणि डिस्क गेली तर ग्राहकांच्या दहा वर्षांच्या फाईली जातात.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधून रिसोर्स मॉनिटर उघडला आणि डिस्क टॅबमधला ‘रिस्पॉन्स टाइम’ चालू ठेवून काम करत बसलो. फिरत्या डिस्कला एरवी दहा-वीस मिलिसेकंद लागतात. हँगच्या वेळी डी ड्राइव्हवरच्या फाईलींसमोर हजारोंत आकडे दिसले. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत), विंडोज लॉग्जखालच्या ‘सिस्टम’मध्ये बघितलं. ‘डिस्क’कडून आलेल्या १५३ क्रमांकाच्या नोंदी होत्या, म्हणजे वाचणं-लिहिणं एकदा फसून पुन्हा करावं लागलं. मधूनमधून १२९ होती, म्हणजे उत्तर न आल्यामुळे डिस्कचं कनेक्शन रीसेट झालं. वेळा माझ्या कागदावरच्या वेळांशी मिनिटाला मिनिट जुळत होत्या. तिथे ७ क्रमांकाची नोंद दिसली तर बॅड ब्लॉक आहे असं समजून त्याच क्षणी कॉपी करायला घ्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचतं. त्यात तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेली जागा, सी५ म्हणजे वाचता येत नसल्याने निकालाची वाट बघणारी जागा, आणि सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत बिघडलेला मजकूर. आकडे सोळाच्या पायातले असतात, मेनूतून दशमान करून घ्या, नाहीतर उगाच छातीत धस्स होतं. माझ्याकडे ०५ आणि सी५ शून्य होते. सी७ होता २१२, दुसऱ्या दिवशी २१९.

डिस्क चांगली होती, वाट खराब होती. कॅबिनेट उघडलं. आत पावसाळ्याचा तो कुबट वास, पंख्यावर ओलसर धुळीचा थर आणि डिस्कची साटा केबल बोट लावताच हलणारी. नवी केबल शंभर-दोनशे रुपयांत येते. ती घातली, बोर्डावरचं भोकही बदललं. सी७ चा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे तो शून्य होण्याची वाट बघू नका. तो वाढायचा थांबला की झालं. माझा २१९ वर थांबला आहे.

इथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. सी५ शून्य नसेल तर चेकडिस्कने, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासण्याच्या साधनाने, पूर्ण तपासणी चालवायची घाई करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ती तासन्‌तास घासत राहते. आधी फाईली दुसरीकडे कॉपी करा, सगळ्यात महत्त्वाच्या पहिल्या. तपासणी नंतर, वाटलीच तर.

आता फॉरमॅटचं. भाच्याचं ऐकलं असतं तर झेड ड्राइव्ह गेला असता, मागे राहिलेला तुकडा गेला असता, आणि मी महिनाभर त्याचं कौतुक केलं असतं. केबल मात्र तशीच सैल राहिली असती. विंडोज १० साठीचं मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. ११ वर जायचं असेल त्यांनी त्या कारणासाठी जरूर जावं. पण फाईली आणि सेटिंग्ज ठेवून अपग्रेड केलं तर झेडसारखी भुतंही सोबत येतात.

रेजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरनी मला काहीही दिलं नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये प्रत्येक खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडण्याची एक खूण आहे. तिने हँग जात नाही, पण एक खिडकी अडकली तरी टास्कबार चालू राहतो. शोध चालू असेपर्यंत ती लावून ठेवलेली बरी.

काउंटरच्या काचेखालचा कागद अजून तिथेच आहे. चवथीनंतर त्यावर एकच नोंद पडली आहे: दुपारी सव्वातीन, ८ सेकंद, बाहेरची डिस्क काढायला विसरलो.